डोळ्यातील गंज आणि त्यावरील उतारे

दृष्टितपासणी संपते, चष्म्याचा नंबर लिहून होतो आणि खुर्चीतून उठता उठता वयस्क रुग्ण खिशातून घडी घातलेले वर्तमानपत्राचे कात्रण काढतात. अलीकडे कात्रणाऐवजी मोबाईलचा पडदा पुढे येतो, एवढाच काय तो फरक. "डॉक्टरसाहेब, ह्या गोळ्यांनी मोतीबिंदू वाढत नाही म्हणे. सुरू करू का?" राजेंद्रनगर असो, लोकमान्यनगर असो की रामबाग, इंदूरच्या मराठी घरांतील आजी-आजोबांचा हा प्रश्न नेत्रतज्ज्ञांनाच नव्हे, तर कुटुंबाच्या डॉक्टरांनाही वारंवार ऐकावा लागतो. प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र तितके साधे नाही. सरसकट 'हो' म्हटले, तर निवृत्तिवेतनातील पैसा दरमहा अशा बाटलीत जातो, की जिचा त्या रुग्णाला उपयोग होण्याची शक्यता नसते. आणि त्याहून वाईट म्हणजे गोळीच्या भरवशावर शस्त्रक्रिया लांबणीवर पडते. सरसकट 'नाही' म्हटले, तर ज्या थोड्या रुग्णांना ह्याच गोळीने खरोखर लाभ होतो, त्यांच्यावर अन्याय होतो. म्हणून ह्या विषयाची मुळापासून उजळणी करावी, असा ह्या लेखाचा हेतू आहे. मजकूर प्रामुख्याने वैद्यकीय बंधुभगिनींसाठी असला, तरी समाजातील जिज्ञासू वाचकांनाही तो समजावा, अशा बेताने लिहिला आहे.

ऑक्सिजन : पोशिंदा आणि वैरी

लोखंडाचा खिळा उघड्यावर राहिला की गंजतो, कापलेले सफरचंद काळे पडते, जुने तेल खवट होते. ह्या तिन्ही घटनांच्या मुळाशी ऑक्सिडीभवन ही एकच प्रक्रिया आहे. आपल्या पेशींतही ती अहोरात्र चालू असते. श्वासावाटे घेतलेल्या ऑक्सिजनपासून ऊर्जा निर्माण होत असताना त्याचा अल्प अंश अर्धवट अवस्थेत निसटतो आणि सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड यांसारखी क्रियाशील द्रव्ये तयार होतात. त्यांपैकी ज्यांच्याकडे एक एकटा, जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन असतो, त्यांना मुक्त मूलके म्हणतात. हा जोडीदार ती शेजारच्या रेणूकडून हिसकावून घेतात. मग तो रेणू मेदाचा असो, प्रथिनाचा असो की जनुकीय द्रव्याचा.

शरीरातील सर्व अवयवांत डोळा ह्या हल्ल्याला विशेष उघडा आहे. नेत्रभिंगाचा विचार करा. त्याला रक्तवाहिन्या नाहीत, जुन्या पेशी टाकून देण्याची सोय नाही. भिंगाच्या गाभ्यातील प्रथिने आपण आईच्या उदरात असताना तयार झालेली असतात आणि तीच आयुष्यभर पुरवावी लागतात. सत्तर वर्षांच्या माणसाच्या भिंगातील गाभा म्हणजे सत्तर वर्षांहून जुने प्रथिन! ते पारदर्शक ठेवण्यासाठी निसर्गाने तेथे ग्लुटाथिओनचा मोठा साठा दिला आहे आणि भिंगाला न्हाऊ घालणाऱ्या नेत्रजलात रक्ताच्या तुलनेत क जीवनसत्त्वाचे प्रमाण कितीतरी पटींनी अधिक ठेवले आहे. वय वाढते तसा गाभ्यातील ग्लुटाथिओन घटतो, प्रथिनांचे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके प्रकाश विखुरतात आणि आपण म्हणतो, 'मोतीबिंदू झाला'.

दृष्टिपटलाची गोष्ट वेगळी, पण धोका तोच. वजनाच्या मानाने ऑक्सिजनचा सर्वाधिक वापर करणाऱ्या ऊतींत दृष्टिपटलाची गणना होते. प्रकाशग्राही पेशींची टोके डीएचए ह्या सहज खवट होणाऱ्या मेदाम्लाने समृद्ध असतात आणि त्यांच्यावर दिवसभर प्रकाश केंद्रित होत असतो. ऑक्सिजन, मेद आणि प्रकाश हे तिन्ही एकत्र आल्यावर खवटपणास उशीर तो किती? प्रकाशग्राही पेशींच्या झिजलेल्या टोकांचा सुमारे दहावा हिस्सा रोज त्यांच्यामागील रंजकपेशी गिळून पचवतात. न पचलेला कचरा लायपोफ्युसिनच्या रूपाने साचत जातो आणि पुढे वार्धक्यातील पीतबिंदूच्या ऱ्हासाची भूमी तयार होते.

धातूंची भूमिका

प्रतिऑक्सिडीकारकांविषयी पुष्कळ लिहिले जाते. धातूंविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. वस्तुतः हायड्रोजन पेरॉक्साइड स्वतः तितके आक्रमक नसते. त्याची गाठ सुट्या लोहाशी पडली, की त्यातून हायड्रॉक्सिल हे अत्यंत दाहक मूलक निर्माण होते. हेन्री फेंटन ह्या रसायनशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये वर्णिलेली ही अभिक्रिया आज त्याच्याच नावाने ओळखली जाते. तांबेही असेच कार्य करते. येथे 'सुटे' हा शब्द महत्त्वाचा आहे. लोह आणि तांबे जीवनावश्यकच आहेत. म्हणूनच शरीर त्यांना ट्रान्सफेरिन, फेरिटिन, सेरुलोप्लाझ्मिन यांसारख्या प्रथिनांच्या कुलपात ठेवते. अश्रूंतील लॅक्टोफेरिनही लोहाला घट्ट धरून ठेवते, जेणेकरून जंतूंना ते मिळू नये. म्हणजे धातू बांधून ठेवण्याची कला डोळ्याला जन्मतःच अवगत आहे.

हे कुलूप निकामी झाले, की काय होते, हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेत जावे लागत नाही. पीथमपूर व सांवेर रोड येथील कारखान्यांत किंवा माळव्यातील खेड्यापाड्यांच्या लोहारशाळेत छिन्नीवर हातोडा पडताना लोखंडाचा सूक्ष्म कण उडून डोळ्यात शिरू शकतो. जखम इतकी बारीक असते, की कित्येकदा पहिल्या दिवशी दृष्टी चांगलीच असते आणि कामगार डोळा चोळून पुन्हा कामाला लागतो. काही महिन्यांनी भिंगावर तांबूस-तपकिरी ठिपके उमटतात, बुबुळाचा रंग बदलतो, रात्रीचे दिसणे मंदावते आणि दृष्टिपटलाचा विद्युतालेख क्षीण होत जातो. ह्यालाच सिडेरोसिस म्हणतात, शब्दशः डोळ्याचा गंज. म्हणून 'हातोडी मारताना डोळ्यात काहीतरी गेले' एवढे वाक्य ऐकले, तरी क्ष-किरण वा सीटी तपासणी झालीच पाहिजे. आणि लोखंडाची शंका असेपर्यंत एमआरआय मुळीच करू नये, कारण चुंबकीय क्षेत्रात तो कण जागचा हलतो.

तांब्याचे उदाहरण विल्सनच्या विकारात दिसते. यकृतातून तांबे बाहेर टाकण्याची वाट जन्मतः सदोष असल्याने ते यकृतात, मेंदूत आणि पारपटलाच्या कडेला साचते. पारपटलाभोवती दिसणारे सोनेरी-तपकिरी वलय कायझर यांनी १९०२ मध्ये व फ्लायशर यांनी १९०३ मध्ये वर्णिले. हात थरथरणाऱ्या किंवा कारणाविना कावीळ झालेल्या तरुणाचे निदान पुष्कळदा ह्या वलयामुळे स्लिटलॅम्पवर होते.

वार्धक्यातही असेच काही मंदगतीने घडते काय? अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात जोशुआ डुनाएफ यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवून दिले, की पीतबिंदूचा ऱ्हास झालेल्या मृत व्यक्तींच्या नेत्रांत, निरोगी नेत्रांच्या मानाने, लोह अधिक असते आणि त्यातील काही भाग बांधून काढता येण्याजोगा असतो. लोह हे ऱ्हासाचे कारण की परिणाम, हा प्रश्न ह्या निरीक्षणाने सुटत नाही. पण संशोधनाची दिशा त्याने निश्चित केली.

खेकड्याच्या नांगीची गोष्ट

धातूला दोन्ही बाजूंनी पकडणाऱ्या रेणूंना मॉर्गन आणि ड्रू यांनी १९२० मध्ये 'कीलेट' हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ खेकड्याची नांगी. मराठीत आपण त्यांना धातुबंधके म्हणू. वैद्यकात त्यांचा प्रवेश झाला तो युद्धाच्या मार्गाने. ल्युइसाइट हा आर्सेनिकयुक्त विषारी वायू डोळे आणि त्वचा जाळतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑक्सफर्ड येथे रुडॉल्फ पीटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर 'बाल' हा उतारा शोधला. १९४५ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. वेळीच घातलेल्या ह्या औषधाने प्राण्यांचे डोळे वाचतात, असे तेव्हा दिसून आले होते. म्हणजे आधुनिक धातुबंधकांच्या इतिहासाच्या आरंभीच नेत्ररक्षणाचा अध्याय आहे! पुढे हेच औषध विल्सनच्या विकारात वापरले गेले आणि १९५६ मध्ये जॉन वॉल्श यांनी पोटात घेण्याजोगे पेनिसिलामिन पुढे आणले. उपचार चालू ठेवल्यास पारपटलावरील ते वलय हळूहळू फिके होत जाते. धातुबंधकाचे यश डोळ्यांनी पाहता यावे, असे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

दुसरे धातुबंधक ईडीटीए. ग्रँट यांनी १९५२ मध्ये पारपटलावर पट्ट्यासारखा साचलेला कॅल्शियमचा थर ईडीटीएने विरघळवून दाखवला आणि आजही शस्त्रक्रियागृहात हा उपाय केला जातो. आपल्याकडे त्याचा आणखी एक संदर्भ आहे. पान-तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी मुलांच्या हाती लागते, ती दाबली जाते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. हा अल्कलीचा दाह आहे. तो पारपटल भेदून आत जातो. पापण्यांच्या खळग्यात चिकटून बसलेले चुन्याचे कण निघत नसतील, तर ईडीटीएच्या सौम्य द्रावणाने ते सैल करता येतात. पण हे नंतरचे. पहिला उतारा म्हणजे घरातले स्वच्छ पाणी : त्याच क्षणी, नळाखाली, किमान अर्धा तास. दवाखान्याच्या वाटेवर घालवलेली पहिली काही मिनिटे ही त्या मुलाची दृष्टी असते.

ह्या तिन्ही उदाहरणांत एक समान सूत्र आहे. धातू कोणता, तो कोठे साचला आहे आणि तो अतिरिक्त आहे, हे निश्चितपणे ठाऊक होते. जेथे हे तिन्ही ठाऊक असते, तेथे धातुबंधक उपयोगी पडते. वार्धक्यातील मोतीबिंदू आणि पीतबिंदूचा ऱ्हास ह्यांत अद्याप तसे म्हणता येत नाही.

नांगीचा डंख

थॅलसेमियाचे उदाहरण इंदूरकरांना नवे नाही. सिंधी, पंजाबी, लोहाणा अशा काही समाजांत ह्या विकाराच्या वाहकांचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा अधिक आहे आणि फाळणीनंतर आलेला सिंधी समाज आपल्या शहराचा अविभाज्य भाग आहे. थॅलसेमिया मेजर झालेल्या मुलाला वारंवार रक्त द्यावे लागते, रक्ताबरोबर लोह येते आणि ते काढण्यासाठी आयुष्यभर धातुबंधके घ्यावी लागतात. डेफेरिऑक्सामिनने ह्या मुलांचे आयुष्य दशकांनी वाढवले, ह्यात शंका नाही. परंतु १९८०च्या दशकात असे लक्षात आले, की ह्या औषधाची मात्रा लोहाच्या साठ्याच्या मानाने जास्त झाली, तर काही रुग्णांची रात्रीची दृष्टी मंदावते, रंग ओळखणे कठीण जाते, दृष्टिपटलावर रंजकाचे डाग पडतात आणि ऐकूही कमी येऊ लागते. औषध वेळीच थांबवल्यास किंवा मात्रा घटवल्यास बऱ्याच जणांत सुधारणा होते. उशीर झाल्यास ती अपुरी राहते.

म्हणजे डोळ्याला लोह नको तितके झाले तरी अपाय, आणि लोह ओढून घेणारे औषध जास्त झाले तरी अपाय. ह्यातून व्यवहाराचा धडा असा, की धातुबंधक घेणाऱ्या प्रत्येक मुलाची वर्षातून एकदा नेत्रतपासणी व श्रवणतपासणी व्हावी. 'रात्री अडखळतो' ही पालकांची तक्रार अ जीवनसत्त्वाच्या बाटलीवर भागवू नये. जगात सर्वप्रथम वापरास परवानगी मिळालेले तोंडावाटे घ्यावयाचे लोहबंधक, डेफेरिप्रोन, १९९०च्या दशकाच्या मध्यास प्रथम भारतातच उपलब्ध झाले, ही अभिमानाची बाब. ह्याच औषधाने लोहसंचय असलेल्या उंदरांचे दृष्टिपटल वाचते, असे डुनाएफ यांच्या गटाने पुढे दाखवले. उंदरांत दिसलेला हा परिणाम वृद्ध माणसाच्या डोळ्यात दिसेल, असे मात्र त्यावरून गृहीत धरता येणार नाही.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख आवश्यक आहे. शिरेवाटे ईडीटीए देऊन रक्तवाहिन्या 'साफ' करण्याच्या जाहिराती अधूनमधून झळकतात आणि त्यांत डोळ्यांचाही समावेश असतो. हृदयविकारावरील ह्या उपचाराचे मोठे परीक्षण मधुमेही रुग्णांवर पुन्हा केले गेले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत लाभ आढळला नाही. डायसोडियम ईडीटीए चुकीने दिल्यास रक्तातील कॅल्शियम एकाएकी घसरते. अमेरिकेत २००३ ते २००५ ह्या काळात त्यामुळे मृत्यू झाल्याची नोंद आहे. ज्या देशात २०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीनुसार १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत, तेथे 'लोह काढून टाकणे' हा घरगुती उपाय होऊ शकत नाही.

प्रतिऑक्सिडीकारकांची परीक्षा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अमेरिकेतील राष्ट्रीय नेत्रसंस्थेने घडवून आणलेल्या आरेड्स अभ्यासाचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. रोज ५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, ४०० एकक ई जीवनसत्त्व, १५ मिलिग्रॅम बीटा कॅरोटिन, ८० मिलिग्रॅम जस्त आणि जस्तामुळे तांब्याची उणीव होऊ नये म्हणून २ मिलिग्रॅम तांबे, असे ते मिश्रण होते. ज्यांच्या पीतबिंदूखाली मोठे ड्रूसेन होते किंवा ज्यांच्या एका डोळ्याचा पीतबिंदू आधीच निकामी झाला होता, त्यांच्यात आजार प्रगत अवस्थेला जाण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे २५ टक्क्यांनी घटला. आजाराच्या अगदी आरंभीच्या अवस्थेतील व्यक्तींना लाभ दिसला नाही. मोतीबिंदूवर काहीही परिणाम झाला नाही.

बीटा कॅरोटिनची कथा तर वैद्यकाला नम्रता शिकवणारी आहे. फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवरील अभ्यासाचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले. बीटा कॅरोटिनने फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी आशा होती. प्रत्यक्षात तो १८ टक्क्यांनी वाढला. म्हणून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या आरेड्स अभ्यासात त्याऐवजी १० मिलिग्रॅम ल्युटिन व २ मिलिग्रॅम झियाझँथिन देऊन पाहिले गेले. २०२२ मध्ये ह्या रुग्णांच्या दहा वर्षांच्या पाठपुराव्यात हा बदल योग्य ठरला. माशांच्या तेलातील ओमेगा मेदाम्लांनी मात्र अधिक लाभ झाला नाही. ई जीवनसत्त्वही सर्वथा निरुपद्रवी नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ४०० एककांच्या दैनंदिन मात्रेने पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढलेला आढळला.

'पण आपल्याकडे आहारच निकृष्ट; आपल्याला तरी लाभ होईल' हा तर्क स्वाभाविक आहे. त्याचीही परीक्षा झाली आहे. दक्षिण भारतात अरविंद नेत्र रुग्णालयाच्या सहभागाने ७९८ व्यक्तींना पाच वर्षे बीटा कॅरोटिन, क आणि ई जीवनसत्त्वे किंवा निष्क्रिय गोळ्या देण्यात आल्या. २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : मोतीबिंदूच्या वाढीत फरक नाही. ह्याच्या जोडीला इंडआय हा अभ्यास ठेवून पाहावा. उत्तर व दक्षिण भारतातील साठ वर्षांवरील ५,६३८ व्यक्तींच्या ह्या पाहणीत रक्तातील क जीवनसत्त्व जितके अधिक, तितका मोतीबिंदू कमी, असा संबंध आढळला. शिवाय उत्तरेकडील सुमारे तीनचतुर्थांश व्यक्तींत ह्या जीवनसत्त्वाची उणीव होती. दोन्ही निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात, पण तसे नाहीत. ज्याच्या रक्तात क जीवनसत्त्व अधिक, त्याने बहुधा आयुष्यभर फळे-भाज्या खाल्लेल्या असतात, चुलीचा धूर कमी सोसलेला असतो आणि उन्हात कमी राबलेला असतो. साठाव्या वर्षी सुरू केलेली गोळी त्या साठ वर्षांची भरपाई करू शकत नाही.

हळदीचे उदाहरण आणखी बोलके आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवले, की मधुमेही उंदरांच्या आहारात हळद किंवा कर्क्युमिन मिसळल्यास मोतीबिंदू उशिरा येतो. कर्क्युमिन हे प्रतिऑक्सिडीकारक आहे आणि लोहाला बांधणारेही आहे. परंतु ह्याच गटाच्या २००३ मधील प्रयोगात अत्यल्प मात्रेने मोतीबिंदू लांबला, तर पाचपट मात्रेने तो उलट लवकर पक्व झाला. थोडे औषध, फार विष, हे आपल्या पूर्वजांचे ज्ञान येथे उंदरांनी सिद्ध केले! क जीवनसत्त्वाचेही तेच : ते मुक्त मूलके शमवते, पण सुटे लोह जवळ असेल तर त्या लोहाला पुन्हा क्रियाशील करून गंजाचे चक्र चालू ठेवू शकते. म्हणूनच लोहसंचय झालेल्या थॅलसेमियाच्या रुग्णाने क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. प्रतिऑक्सिडीकारके आणि धातू यांचा विचार वेगवेगळा करून चालत नाही, तो ह्यासाठी.

मोतीबिंदू विरघळवणाऱ्या थेंबांबद्दल एकच वाक्य पुरे. कार्नोसिनयुक्त थेंबांच्या पुराव्याची कॉक्रेन संस्थेने २०१७ मध्ये छाननी केली, तेव्हा मोतीबिंदू मागे फिरतो किंवा थांबतो, असे मानण्याजोगा पुरावा सापडला नाही. उलट, जेथे प्रतिऑक्सिडीकारकासारखे कार्य करणाऱ्या द्रव्याला खरोखर स्थान मिळाले, ते म्हणजे लेबरचा आनुवंशिक दृष्टिचेताविकार. त्यासाठी आयडेबेनोनला युरोपात २०१५ मध्ये मान्यता मिळाली. रातांधळेपणाच्या आनुवंशिक विकारात, म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोझामध्ये, एन-ॲसिटिल सिस्टिनचे मोठे परीक्षण २०२३ मध्ये सुरू झाले. आशेला जागा आहे. ती नेमक्या आजारांत, नेमक्या मात्रेत आहे.

आपल्या मातीतील वस्तुस्थिती

आरेड्सची गोळी ज्या आजारासाठी आहे, तो आपल्याकडे किती? ह्याचे उत्तर शेजारच्या विदर्भाने दिले आहे. नागपूरच्या सूरज नेत्रसंस्थेने जर्मन संशोधकांच्या सहकार्याने २००६ ते २००९ ह्या काळात नागपूरजवळच्या आठ खेड्यांत ४,७११ व्यक्तींची सूक्ष्म नेत्रतपासणी केली. त्यात पीतबिंदूचा प्रगत ऱ्हास फारच थोड्यांत आढळला. दुसरीकडे, २०१५-१९च्या राष्ट्रीय पाहणीनुसार पन्नाशीपुढील अंधत्वाच्या ६६ टक्के घटनांचे कारण मोतीबिंदू हेच आहे. ज्या आजारावर गोळी चालते तो आपल्याकडे कमी, आणि जो आजार अधिक त्यावर गोळी चालत नाही. त्यावर चालते ती शस्त्रक्रिया, जी बहुधा अर्ध्या तासाच्या आत आटोपते आणि शासकीय व धर्मादाय रुग्णालयांत अल्प खर्चात वा विनामूल्य होते. गोळीच्या आशेवर दोन वर्षे थांबलेला मोतीबिंदू कडक होतो, क्वचित फुगून काचबिंदूला आमंत्रण देतो आणि दरम्यान त्या आजी न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळून खुबा मोडून घेतात. प्रतिऑक्सिडीकारकाचा खरा दुष्परिणाम कित्येकदा हाच असतो.

मग आहाराला महत्त्व नाही काय? आहे, आणि पुष्कळ आहे. पण ते लहानपणापासून. पीतबिंदूचा पिवळा रंग ज्या ल्युटिन व झियाझँथिनमुळे असतो, ती शरीर तयार करत नाही. ती पानांतून आणि दाण्यांतून यावी लागतात. पालक, मेथी, चाकवत, शेपू, अळू ह्या भाज्या ल्युटिन देतात. पिवळा मका आणि अंड्यातील बलक दोन्ही देतात. ही रंजके मेदात विरघळतात, म्हणून भाजीला तेलाची फोडणी देण्याची आजीची पद्धत शास्त्रशुद्धच आहे. इंदूरचे भुट्ट्याचे कीस पिवळ्या कणसाचे केले, तर चवीबरोबर डोळ्यांचेही काम होते. आवळा आणि पेरू क जीवनसत्त्वाचे भांडार आहेत. सकाळच्या पोह्यांवर लिंबू शेवटी, ताटात पिळावे. कढईत उकळवू नये. मधुमेहींनी मात्र पोह्यांसोबतच्या जिलेबीचे समर्थन ह्या लेखात शोधू नये!

व्यवसायबंधूंसाठी काही सूत्रे

१. मोतीबिंदू थोपवण्यासाठी प्रतिऑक्सिडीकारक गोळी किंवा थेंब लिहून देऊ नयेत.

२. दृष्टिपटल तपासल्याशिवाय आरेड्सचे मिश्रण सुरू करू नये. मध्यम अवस्थेतील ऱ्हास अथवा एका डोळ्यातील प्रगत ऱ्हास असेल, तर ते अवश्य द्यावे. धूम्रपान करणाऱ्या वा पूर्वी केलेल्या रुग्णास बीटा कॅरोटिनविरहित मिश्रणच द्यावे.

३. बाटलीवरील मात्रा वाचून पाहावी. 'डोळ्यांसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्रणांत परीक्षणातील मात्रा असतेच असे नाही.

४. धातुबंधके घेणाऱ्या थॅलसेमिया रुग्णांची वार्षिक नेत्र व श्रवण तपासणी चुकवू नये.

५. हातोडी-छिन्नीच्या इजेत लोखंडी कण आत नाही, हे सिद्ध होईपर्यंत तो आहे असेच मानावे. कारखान्यात व शेतावर संरक्षक चष्म्याचा आग्रह धरावा.

६. बिडी-सिगारेट सोडणे, रक्तशर्करा व रक्तदाब आटोक्यात ठेवणे, उन्हात टोपी व गडद चष्मा वापरणे आणि चुलीचा धूर टाळणे, ह्यांच्या तोडीचे प्रतिऑक्सिडीकारक औषधाच्या दुकानात मिळत नाही.

उपसंहार

गंज चढू नये म्हणून लोखंडाला रंग देतात. गंजून भोके पडलेल्या पत्र्याला रंग देऊन उपयोग नसतो. डोळ्यांचेही तसेच आहे. संरक्षणाचा काळ तारुण्याचा आणि मध्यमवयाचा आहे; साधने स्वयंपाकघरातील, सवयींतील आणि नियमित तपासणीतील आहेत. वार्धक्यात पडदा दाटलाच, तर तो दूर करणारे हात आपल्या शहरात पुष्कळ आहेत. तेव्हा पुढच्या वेळी कुणी आजोबा कात्रण पुढे करून "सुरू करू का?" असे विचारतील, तेव्हा आपण त्यांना प्रथम खुर्चीत पुन्हा बसवावे, बाहुली विस्फारून दृष्टिपटल पाहावे आणि मगच उत्तर द्यावे. दहापैकी बहुतेकांना ते उत्तर 'गोळी नको, शस्त्रक्रियेची तारीख घ्या' असेच द्यावे लागेल. एखाद्याला 'ही गोळी रोज घ्या, चुकवू नका' असे सांगावे लागेल. ह्या दोघांतील भेद ओळखणे हेच आपले काम आणि त्यांच्या विश्वासाची तीच परतफेड आहे.